घोड्याला दिलेलं जंताचं औषध लागू पडलं का, हे तपासायचं कसं

औषध पाजलं, दुसऱ्या दिवशी लिदीत जंत दिसले, म्हणजे औषध लागू पडलं, असं तबेल्यातबेल्यात सांगितलं जातं. हा निकष टाकून द्या. मोठ्या घोड्यांना सर्वांत जास्त होणारे लहान स्ट्राँजाइल जंत बारीक असतात, लिदीत सहज नजरेला पडत नाहीत. आणि पडले तरी मेलेल्यांवरून उरलेल्यांचा हिशोब लागत नाही. तो लावायचा एकच रस्ता आहे: औषधाआधी लिदीतली अंडी मोजायची, चौदा दिवसांनी पुन्हा मोजायची आणि घट किती टक्के झाली ते काढायचं.

आधीचं औषध देऊन दोन महिने तरी उलटलेले असावेत, मॉक्झिडेक्टिन नावाचं औषध दिलं असेल तर तीन. एकाच तबेल्यातले निदान सहा घोडे घ्या. एकट्या घोड्याच्या आकड्यावर निकाल लावू नये.

लीद ताजी, मूठभर, जमिनीला न टेकलेली उचला. पिशवीतली हवा दाबून काढा, नाव आणि तारीख लिहा आणि थंड ठेवा. गोठवू मात्र नका. आपल्या उकाड्यात अंडी एक-दोन दिवसांत फुटतात आणि मोजणी उगाच कमी येते. माथेरानहून नमुना नेरळला उतरवून पुढे पाठवायचा असेल तर बर्फाची पेटी हवीच.

प्रयोगशाळेत ‘जंत आहेत का’ असं विचारलंत तर उत्तर ‘प्लस’ किंवा ‘डबल प्लस’ असं येईल. या कामाला त्याचा काडीचा उपयोग नाही. अंडी मोजायच्या मॅकमास्टर पद्धतीने, लिदीच्या एका ग्रॅममागे किती अंडी, हा आकडा मागा. परळच्या किंवा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात, नाहीतर जिल्ह्याच्या सर्वचिकित्सालयात, नमुना नेण्याआधी चौकशी करा. बऱ्याच ठिकाणी काचेखाली दिसलेलं एक अंडं म्हणजे ग्रॅममागे ५० धरतात. म्हणजे अहवालातले १०० ही प्रत्यक्षात मोजलेली दोनच अंडी. असा घोडा चाचणीला नको; २०० च्या वरचेच घ्या. दुसऱ्या खेपेलाही प्रयोगशाळा तीच आणि पद्धत तीच.

आता औषध देणं. सगळी चाचणी इथेच बिघडते, आणि मलाही सर्वांत जास्त झगडावं लागलं ते इथेच. औषध निकामी झालं म्हणून कोणी सांगत आलं की मी आधी वजन विचारतो. उत्तर बहुतेक वेळा अंदाजाचं असतं, आणि अंदाज बहुतेक वेळा कमीचा असतो. टेप घ्या. पुढच्या पायाच्या कोपराच्या लगेच मागून आणि खांद्याच्या उंचवट्यामागून छातीचा घेर मोजा, घोड्याने श्वास सोडल्यावर. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी. दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०, की किलोत वजन आलं. घेर १५० आणि लांबी १४० असेल तर २६५ किलो. याच तट्टाला ‘दोनशेचं असेल’ म्हणून औषध दिलं तर चौथा हिस्सा औषध पोटात गेलंच नाही, आणि नापास मात्र औषध ठरतं. त्याहून वाईट म्हणजे, अर्धवट डोसातून तगलेले जंतच पुढची पिढी घालतात.

औषध आयव्हरमेक्टिन किंवा फेनबेंडाझोल असेल तर पेस्टच्या सिरिंजवरच्या, वजनाच्या पुढच्या खुणेपर्यंत वाढवून द्या. मॉक्झिडेक्टिनच्या बाबतीत असं करू नका, तिथे वजन काटेकोरच हवं आणि लहान शिंगरांना तर ते देऊच नये. गाई-म्हशींसाठी आणलेलं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन घोड्याला टोचायचं नाही, कोणी कितीही अनुभवी असला तरी.

पेस्ट तोंडात जाणं आणि पोटात जाणं यांत फरक आहे. चंदी खाताना दिलेली पेस्ट घासाबरोबर गालात साठते आणि मोतद्दाराची पाठ वळली की गोळा होऊन खाली पडते. म्हणून आधी तोंड रिकामं करा, पाण्याने धुवा. सिरिंजची कडी खुणेवर घट्ट बसली आहे ना ते ओढून पाहा. पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून सिरिंज आत घाला, जिभेच्या मुळाशी एका दमात सोडा आणि हनुवटी वर धरून ठेवा. गळ्याखालून घोट उतरताना दिसतो. तो दिसेपर्यंत हात काढू नका. नंतर पंधरा मिनिटं घोड्यापाशीच थांबून खाली बघा. पांढरा ठिपका पडलेला दिसला तर तो घोडा या चाचणीतून बाद. कोंड्यात कालवून दिलेल्या औषधावर चाचणी करूच नका, किती खाल्लं हे कोणालाच सांगता येत नाही.

चौदाव्या दिवशी पुन्हा लीद. आठवड्यात घाई केलीत तर जिवंत मादीनेही अंडी घालणं तात्पुरतं थांबवलेलं असू शकतं.

हिशोब सोपा आहे. सहा घोड्यांची आधीची बेरीज ३,६०० आणि नंतरची ९०० असेल तर घट ७५ टक्के. फेनबेंडाझोलची घट ९० च्या खाली, पायरँटेलची ८५ च्या खाली, आयव्हरमेक्टिनची ९५ च्या खाली गेली की तुमच्या तबेल्यातले जंत त्या औषधाला दाद देत नाहीत असं धरा. फेनबेंडाझोलच्या बाबतीत तर लहान स्ट्राँजाइलांनी जगभर हेच केलं आहे. शिंगरांच्या गोल जंताची अंडी वेगळी मोजून घ्या, कारण तिथे उलट आयव्हरमेक्टिनच फसताना आढळतं. शिंगराचं पोट जंतांनी गच्च भरलेलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध देऊ नका. मेलेल्या जंतांनी आतडं तुंबून शिंगरू दगावू शकतं.

औषध नापास झालं तर कंपनी बदलू नका, औषधाचं कुळ बदला. अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल एकाच कुळातली, आयव्हरमेक्टिन आणि मॉक्झिडेक्टिनही तशीच. सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेला नवा घोडा तर औषध देऊन चौदा दिवसांनी त्याची अंडी पुन्हा मोजून घेईपर्यंत बाकीच्यांबरोबर चरायला सोडू नका.