चाळिशीत स्कूटी शिकताना: भीती, हार्मोन आणि सकाळचे साडेसात

पहिली सूचना: शिकवायला नवऱ्याला घेऊ नका. माणूस चांगला असेल, प्रश्न त्याच्या आवाजाचा आहे. मागं बसून कुणी "ब्रेक! अगं ब्रेक!" म्हणून ओरडलं की अ‍ॅड्रिनल ग्रंथीतून अ‍ॅड्रेनलिन सुटतं, मेंदूत नॉरअ‍ॅड्रेनलिन वाढतं आणि अमिग्डाला नावाचा छोटासा भाग त्या क्षणी जे जे समोर होतं ते एकत्र बांधून ठेवतो. हँडल, तो चौक, तो आवाज, सगळं. पुढच्या वेळी यातलं एक जरी समोर आलं तरी तळहाताला घाम सुटतो. जोरदार भीती शिकायला मेंदूला एक धडा पुरतो, गाडी शिकायला मात्र पुरत नाही. म्हणून शिकवणारा असा निवडा जो तुम्ही पडलात तरी आधी हसत गाडी उचलेल.

ज्युनिअर कॉलेजात आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर कोल्हापुरात, आमच्या गल्लीतल्या बायकांना स्कूटी शिकवायला लागले. वर्गात जे हार्मोन फळ्यावर लिहायचे, तेच आता सकाळी रस्त्यावर दिसतात. नवरे माझ्यावर नाराज असतात, असू देत.

दुसरी गोष्ट आधीच पक्की समजून घ्या, म्हणजे मधेच निराश व्हायला होणार नाही. भीती पुसली जात नाही. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्हनं कुत्र्यांवरच्या प्रयोगांत हे पाहिलं होतं: शिकलेली प्रतिक्रिया थांबली म्हणून नाहीशी होत नाही, थोडा काळ गेला की आपोआप परत डोकावते. सराव करताना आपण जुनी वाट बुजवत नसतो, शेजारून नवी पाडत असतो. समजा ट्रॅक्टरची भीती आहे, तर 'ट्रॅक्टर म्हणजे धोका' ही आठवण राहणारच. तिच्याजवळ 'ट्रॅक्टर गेला, मला काही झालं नाही' ही दुसरी आठवण बसवायची आहे, आणि ऐनवेळी दुसरी आधी यायला हवी. ती किती घट्ट बसते हे बऱ्याच अंशी सराव ठरवतो, पण त्या वेळी अंगात कुठले हार्मोन किती आहेत यावरही काही अवलंबून असतं. पुढचं सगळं त्याबद्दल.

वेळ सकाळची धरा. उठल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात कॉर्टिसॉल दिवसातल्या वरच्या टोकाला जातं. कॉर्टिसॉल म्हटलं की लोक नाक मुरडतात, ताणाचं हार्मोन म्हणून. पण ते दोन कामं करतं: जुनी आठवण वर येण्यात अडथळा आणतं, आणि आत्ता जे घडतंय ते पक्कं करतं. भीती घालवायची असेल तर दोन्ही आपल्या फायद्याचीच! २०११ मध्ये स्वित्झर्लंडच्या डोमिनिक डी केरव्हेन यांच्या गटानं उंचीची भीती असलेल्या ४० माणसांवर प्रयोग केला. उपचाराच्या आधी निम्म्यांना कॉर्टिसॉलची गोळी, निम्म्यांना औषध नसलेली नुसतीच गोळी. महिन्याभरानंतरही कॉर्टिसॉलवाल्यांची भीती जास्त उतरलेली होती. पुढं जर्मनीत कोळ्याला घाबरणाऱ्यांचा उपचार सकाळी आणि संध्याकाळी करून पाहिला, तर सकाळचा गट सरस ठरला. म्हणून काही गोळ्या घेऊ नका, कॉर्टिसॉल हे स्टेरॉइड आहे, तो खेळ नव्हे. साडेसातला विद्यापीठाच्या बाजूला या, एवढंच. तेव्हा रस्तेही मोकळे असतात.

थोडी धडधड राहू द्या. "ताण घेऊ नकोस" हा सल्ला मला अजिबात पटत नाही. अगदी निवांत मन शिकतही नाही. यर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ मध्येच उंदरांवर दाखवलं होतं की अवघड कामात मध्यम धक्क्याला शिकणं सगळ्यात वेगानं होतं, धक्का वाढवत नेला तर पुन्हा मंदावतं. माझी खूण सोपी आहे: चालवताना माझ्याशी दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत. बोलता येत नसेल तर पायरी मोठी झाली, मागं या. बोलता बोलता काल काय भाजी केली ते सांगायला लागलात तर पायरी लहान आहे, पुढं चला.

आणि प्रत्येक पायरीआधी भीती शब्दांत मांडा. फुलेवाडीकडच्या एक ताई गल्लीत झकास चालवायच्या, पण उसाचा हंगाम सुरू झाला की थांबायच्या. "मॅडम, मी गाडी ढकलत आणतो, पण त्या ट्रॅक्टरशेजारनं चालवत न्हाई." विचारलं, नेमकं काय होईल असं वाटतंय? म्हणाल्या, मागची ट्रॉली हेलपाटंल आणि मी आत ओढला जाईन. मग आम्ही आधी रस्त्याकडेला गाडी बंद करून नुसतं उभं राहिलो. मोठमोठ्यानं गाणी वाजवत, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर जाऊ दिले. मग गाडी चालू ठेवून उभं राहिलो. मग हळू चालवत, चांगलं अंतर राखून. होईल असं वाटलेलं आणि प्रत्यक्षात झालेलं यांत जेवढी तफावत, तेवढी नवी आठवण ठसठशीत. (ट्रॅक्टरला डावीकडून ओलांडायचं नाही. ही भीती नव्हे, अक्कल आहे, ती कुणी घालवू नये.)

जागा बदला. रिकाम्या मैदानावर गेलेली भीती कावळा नाक्याला परत येते, कारण नवी आठवण जागेला चिकटून असते, जुनी भीती मात्र सगळीकडे फिरते. हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या भागाचं हे काम. म्हणून मैदान झालं की राजारामपुरीच्या गल्ल्या, मग रंकाळ्याचा रस्ता, शेवटी केएमटीच्या, म्हणजे शहर वाहतुकीच्या, बसगाड्या धावतात तो चौक. एकाच जागी पंधरवडा घालवू नका.

आता मुख्य भाग, ज्याबद्दल बायका मला बाजूला घेऊन हळूच विचारतात. पाळीचा यात संबंध आहे का? आहे. पाळीच्या पहिल्या दिवसांत इस्ट्रॅडिऑल हे मुख्य स्त्री-हार्मोन कमी असतं, मग चढत जातं आणि बीज सुटण्याच्या एक-दोन दिवस आधी, म्हणजे २८ दिवसांच्या चक्रात साधारण बाराव्या-तेराव्या दिवशी, टोकाला जातं. अमेरिकेतल्या मोहम्मद मिलाद यांच्या गटानं २०१० मध्ये दाखवलं की इस्ट्रॅडिऑल जास्त असताना 'आता धोका नाही' हे शिकलेल्या बायकांना दुसऱ्या दिवशी ते जास्त चांगलं आठवलं. २०१३ मध्ये ग्रॅहॅम आणि मिलाद यांना गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांत तीच आठवण कमकुवत दिसली. गोळीनं शरीराचं स्वतःचं इस्ट्रॅडिऑल दबतं. मेंदूत काय घडतं याचा एक धागा १९९० चा आहे: वूली आणि मॅकएवन यांना दिसलं की उंदराच्या मादीच्या चार-पाच दिवसांच्या चक्रात हिप्पोकॅम्पसच्या पेशींवरचे सूक्ष्म काटे, जिथं पेशी एकमेकींना जोडलेल्या असतात, वाढतात आणि कमी होतात. चार दिवसांत!

यातून काय करायचं? कॅलेंडरवर खूण करत असालच, शेजारी गाडीची नोंद ठेवा. नवी अवघड पायरी, चढावर थांबून निघणं किंवा पहिला मोठा चौक, जमलं तर पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात घ्या. पाळीच्या दिवसांत नवीन काही नको, झालेलंच फिरवा. बस्स. हे प्रयोग बोटाला सौम्य झटका आणि तळहाताचा घाम यांवरचे आहेत, राजारामपुरीतल्या रिक्षांवरचे नव्हेत, आणि सरासरी म्हणजे तुम्ही नव्हे. कुणी यावरून "बायकांना त्या दिवसांत गाडी देऊ नये" म्हणायला लागलं तर त्याला माझ्याकडं पाठवा. आणि गाडी शिकायची म्हणून गर्भनिरोधक गोळी बंद करणं हा शुद्ध वेडेपणा होईल.

ताण आणि हार्मोन एकत्र आले की चित्र आणखी गुंतागुंतीचं होतं. १९९८ मध्ये वुड आणि शोर्स यांनी उंदरांना ताण देऊन मग पापणी मिटण्याचा एक साधा धडा शिकवला. नर आधीपेक्षा भराभर शिकले, माद्या मागं पडल्या, आणि अंडाशय काढलेल्या माद्यांवर ताणाचा तसा परिणाम झाला नाही. म्हणजे नराच्या मेंदूवरून मादीचा अंदाज बांधता येत नाही, आणि कितीतरी वर्षं प्रयोग मुख्यतः नरांवरच होत होते.

पाळी जायच्या वयात इस्ट्रॅडिऑल आधी वरखाली होतं, मग उतरतं. त्या वयाच्या शिकाऊ बायका सांगतात, सिग्नलला उभी राहिले की एकदम गरम होतं, छाती धडधडते, आणि वाटतं की मी घाबरलेच. बऱ्याचदा ती भीती नसते, अंगातली उष्णतेची लाट असते. घरी पंख्याखाली बसूनही येते ना? मग गाडीला दोष देऊ नका. कडेला घ्या, स्टँड लावा, पाणी प्या, लाट गेली की निघा. या वयात फेऱ्या जास्त लागल्या तर लागू द्या. झोपेची काळजी घ्या, कारण शिकलेलं झोपेत पक्कं होतं.

पुरुषांना सूट नाही. टेस्टोस्टेरॉनचं मेंदूत अरोमटेज नावाच्या विकरामुळे इस्ट्रॅडिऑल होतं, ते त्यांच्याही मेंदूत काम करतं.

खऱ्या अपघातानंतर महिना उलटूनही तीच दृश्यं डोळ्यांपुढं येत असतील, दचकून जाग येत असेल, त्या रस्त्यानं बसमधूनही जाववत नसेल, तर माझ्याकडं येऊ नका. सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा, किंवा १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा.

राहिली आरटीओची परीक्षा. सकाळचं कॉर्टिसॉल शिकायला चांगलं, पण ऐन परीक्षेआधी चढलेलं आठवायला वाईट. १९९८ च्या एका प्रयोगात उंदरांना पाण्यातली लपवलेली फळी शोधायला शिकवलं होतं. परीक्षेच्या दोन मिनिटं आधी किंवा चार तास आधी पायाला झटका दिला तर त्यांना जागा आठवली, अर्धा तास आधी दिला तेव्हा विसरले. कॉर्टिसॉल चढायला साधारण तेवढाच वेळ लागतो. म्हणून त्या दिवशी घरातून लवकर निघा, कागद आदल्या रात्री पिशवीत ठेवा, रांगेत शेजारणीला प्रश्न विचारत बसू नका. आठ काढायचा सराव मात्र आधीच इतका झालेला हवा की डोकं बंद पडलं तरी हात वळतील. अंगवळणी पडलेली हालचाल मेंदूच्या दुसऱ्या भागात असते, ताणात ती आठवणीपेक्षा चांगली टिकते. शेवटच्या दोन सरावांना चार-पाच बघे उभे करा. सासूबाई आल्या तर उत्तमच.