‘इतर’ या रकान्यातली म्हैस

कल्याणाचे अर्थशास्त्र शिकून धोरण-मूल्यमापनाच्या कामात येणाऱ्यांना पहिली ठेच बहुधा ‘विवेकी’, म्हणजे आपले हित मोजूनमापून निवड करणारा, या शब्दापाशी लागते. मला ती सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावात लागली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर आम्ही घरोघर प्रश्नावल्या भरत होतो. सूचना मिळूनही घर का सोडले नाही, या प्रश्नाला तीनच पर्याय होते: सूचना कळली नाही, विश्वास बसला नाही, इतर.

एका मावशींनी भिंतीवरची गेरूची रेघ दाखवली. ती २००५ च्या पुराची खूण होती. “पाणी हितवरच येतंय, आमी बघितलंय न्हवं,” त्या म्हणाल्या, आणि मग गोठ्याकडे हात करून, “आन् हिला दाव्याला ठेवून मी एकटीच जाऊ व्हय?”

रेघेचा उलगडा अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांच्या मर्यादित विवेकाच्या कल्पनेने होतो: माणूस सर्वोत्तम पर्याय शोधत बसत नाही, हाताशी असलेल्या माहितीवर पुरेसा वाटेल तो निवडतो. म्हशीचे उत्तर तेवढ्याने सुटत नाही. तिचा बाजारभाव मांडून जिवाच्या जोखमीशी ताडला, तर मावशी अविवेकी ठरतात; निवडीतूनच पसंती प्रकट होते असे मानले, तर पुरात थांबणे हेच त्यांचे कल्याण ठरते. अमर्त्य सेन यांनी १९७७ च्या लेखात बांधिलकीची कल्पना मांडली ती याच पेचावर: स्वतःचे हित बाजूला ठेवूनही माणूस विचारपूर्वक निवड करतो, म्हणून निवडीवरून त्याचे कल्याण थेट वाचता येत नाही. (दर दहा दिवसांच्या दुधाच्या बिलाचाही त्यात वाटा असेल, पण मावशी बिलाबद्दल बोलल्या नव्हत्या, आणि ते परस्पर त्यांच्या तोंडी घालणे मला योग्य वाटत नाही.)

पुनर्वसनाचे प्रस्ताव तपासताना काल्डोर आणि हिक्स या अर्थशास्त्रज्ञांचा १९३९ चा काल्डोर-हिक्स निकषही भेटेल. लाभ झालेल्यांना नुकसान झालेल्यांची भरपाई करून वर काही उरत असेल तर प्रकल्प योग्य, असे तो सांगतो. भरपाई प्रत्यक्ष मिळालीच पाहिजे, असे मात्र सांगत नाही. कोष्टकात ही फट दिसत नाही, गावात पहिल्याच दिवशी दिसते.

आमच्या अहवालात ‘इतर’ची सगळी उत्तरे ‘जागरूकतेचा अभाव’ या शीर्षकाखाली गेली आणि शिफारस जनजागृतीची झाली. ते कोष्टक मीच केले होते. त्यानंतरच्या पाहणीत मी कारणे विचारण्याआधी एक साधा प्रश्न घातला: जनावरांना न्यायला वाहन आले होते का, आणि ती कुठे बांधायची होती?