नोकरी आहे, काम नाही: टाळेबंदीतील सक्तीच्या रजेचे दिवस कसे लावावेत

मराठी वर्तमानपत्रांत ‘फर्लो’ हा शब्द एरवी कैद्याच्या रजेच्या बातमीत भेटतो. कोरोनाच्या टाळेबंदीत तो नोकरदारांच्याही वाट्याला आला. या अर्थाने फर्लो म्हणजे अशी रजा, जिच्यात नोकरीचा करार कायम असतो, काम मात्र बंद असते आणि पगार पूर्ण, अर्धा की अजिबात नाही, हे त्या त्या ठिकाणचे नियम ठरवतात. ही सुटी नव्हे, कारण ती आपण मागितलेली नसते आणि कधी संपणार हेही ठाऊक नसते. ही बेकारीही नव्हे, कारण उद्या बोलावणे आले तर हजर व्हायचे असते. या अधांतरी स्थितीतच घरातले दिवस लावायचे असल्यामुळे सुटीची सैल घडी येथे उपयोगी पडत नाही आणि नोकरी शोधणाऱ्याची धावपळही नाही.

सुरुवात रजेच्या पत्रापासून करावी. रजा कोणत्या तारखेपासून आहे, पगाराचा किती हिस्सा मिळणार, तो मूळ वेतनावर मोजला जाणार की भत्ते धरून, विम्याचे हप्ते आणि निवृत्तीसाठीची वर्गणी चालू राहणार का, या काळात दुसरीकडे काम करण्याची मुभा आहे का आणि परत बोलावताना किती दिवस आधी कळवले जाईल, एवढे मुद्दे वेगळ्या कागदावर उतरवून घ्यावेत; ज्याचे उत्तर पत्रात नसेल ते लेखी विचारावे आणि उत्तरही लेखीच मागावे. कार्यालयातून ‘जरा एवढी फाइल बघून दे’ असा निरोप आला, तर भिडेपोटी हो म्हणण्याआधी नियम तपासावा. ब्रिटनमध्ये २०२० साली सुरू झालेल्या योजनेत सुरुवातीला सरकार पगाराच्या ८० टक्क्यांपर्यंत, पण महिन्याला जास्तीत जास्त २,५०० पौंड, एवढा भार उचलत होते आणि पूर्ण रजेवर असलेल्या माणसाने त्या काळात आपल्या मालकासाठी काम करायचे नाही, अशी अट होती. प्रशिक्षण घेतलेले मात्र चालत असे. म्हणजे मदत म्हणून केलेले थोडेसे काम दोघांनाही अडचणीत आणू शकत होते.

पैशांचा हिशेब पहिल्याच आठवड्यात मांडावा आणि तो कागदावरच्या पगारावर नव्हे, तर प्रत्यक्ष हातात पडणाऱ्या रकमेवर मांडावा. प्रवासाचा आणि बाहेरच्या खाण्याचा खर्च घटतो हे खरे, पण सगळे घर दिवसभर जागे असल्याने विजेचा, इंटरनेटचा आणि किराण्याचा खर्च वाढतो, आणि ही वाढ पहिल्या महिन्यात लक्षातही येत नाही. कर्जाचे हप्ते पुढे ढकलण्याची सवलत मिळत असेल, तर ती माफी आहे असे समजू नये. बहुतेक वेळा त्या काळातले व्याज चालूच राहते आणि मुद्दलात मिळवले जाते, त्यामुळे शेवटी एकूण किती जास्त भरावे लागेल हे बँकेला विचारूनच निर्णय घ्यावा. हातात पैसे असतील तर हप्ता भरत राहणे बरे, असे माझे मत आहे. सवलत खऱ्या अडचणीसाठी राखून ठेवावी.

आता वेळेकडे वळू, कारण खरी पंचाईत तिथेच होते. ऑस्ट्रियातील मारिएनथाल या गावातली गिरणी बंद पडल्यावर, १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला, समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथल्या बेकार कुटुंबांचा बारकाईने अभ्यास केला होता. लोकांकडे मोकळा वेळ वाढला होता, तरी वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या घटली होती. पुरुष रस्त्यातून सावकाश चालत आणि दिवसभरात काय केले हे विचारल्यावर त्यांना सांगण्यासारखे फारसे आठवत नसे. काम पगाराखेरीज दिवसाला आकार, चार लोकांचा सहवास आणि आपण कशात तरी सामील आहोत ही जाणीवही देते, असे याहोडाने पुढे मांडले. रजेवरच्या माणसाचा पगार निदान काही ठिकाणी अंशतः का होईना चालू असतो. बाकीच्या गोष्टी मात्र त्याला स्वतः उभ्या कराव्या लागतात.

त्यासाठी तासातासाचे वेळापत्रक भिंतीवर लावू नये. असे वेळापत्रक मी केले होते आणि ते चौथ्या दिवशी मोडले. त्यानंतर उरली ती केवळ अपराधीपणाची भावना. त्याऐवजी दिवसात तीन खुंट्या पक्क्या ठोकाव्यात: उठण्याची ठरलेली वेळ, दुपारच्या जेवणाची वेळ आणि संध्याकाळी घरचे कपडे बदलून करायची एखादी हालचाल. झोपण्याच्या वेळेपेक्षा उठण्याची वेळ सांभाळणे सोपे असते, आणि उठल्यावर खिडकीशी किंवा गच्चीत सकाळच्या उजेडात थोडा वेळ घालवला, तर शरीरातले घड्याळ ताळ्यावर राहते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवते. घरातल्या घरात चालणे आणि जिने चढणे यांतूनही तो भरून निघू शकतो. आठवड्याची सुटीही पाळावी. सगळेच दिवस मोकळे असले की रविवार नाहीसा होतो, म्हणून एखादे आवडते काम मुद्दाम त्याच दिवसासाठी राखून ठेवावे.

घरातले कोणी त्याच वेळी घरूनच नोकरी करत असेल, तर एक नाजूक प्रश्न उभा राहतो. ‘तू तर मोकळाच आहेस’ या एका वाक्यावर धुणीभांडी, मुलांचा अभ्यास आणि दारावरची घंटा हे सगळे नकळत एकाच माणसाकडे सरकते. याच्या उलट, रजेवरचा माणूस कामात असलेल्याच्या खोलीत दर दहा मिनिटांनी डोकावतो. दोघांनी समोरासमोर बसून कोणती कामे कोणाची आणि कोणत्या तासांत दार बंद राहील, हे ठरवून घ्यावे. कामाचा काही वाढीव वाटा रजेवरच्या माणसाने उचलणे न्याय्यच आहे, पण तो वाटा बोलून ठरलेला असावा.

बातम्या दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी पाहणे पुरेसे आहे. नवे काही शिकायचे असेल तर एकच गोष्ट निवडावी.

सहकाऱ्यांशी संपर्क ठेवावा, पण एक भान राखून: काही जण अजून कामावर असतात आणि दुप्पट भार ओढत असतात, त्यांना तुमचा हेवा वाटतो, तर तुम्हाला त्यांची नोकरी अधिक सुरक्षित वाटते. म्हणून फोन केल्यावर कार्यालयातल्या कुजबुजीची चौकशी करण्यापेक्षा त्यांच्या घरच्यांची विचारपूस करावी. एकट्या राहणाऱ्या वडीलधाऱ्यांना मात्र ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळीच फोन करावा, कारण त्या फोनची वाट पाहणे हाही त्यांच्या दिवसाला आधार असतो.

बोलावणे येण्याची चिन्हे दिसू लागली की उठण्याची वेळ रोज पंधरा मिनिटांनी अलीकडे आणत कामाच्या दिवसाच्या वेळेपर्यंत न्यावी. संगणकाचा पासवर्ड बहुधा मुदत संपून बंद पडलेला असतो, ओळखपत्र कुठल्या तरी खणात गेलेले असते आणि कामावर जायचे कपडे घट्ट झालेले असतात. हे तिन्ही हजर होण्याच्या आदल्या रात्री नव्हे, तर आठवडाभर आधी पाहून घ्यावे.