‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’चे ड्रम्स: तो आवाज जिन्यात कसा पकडायचा

ब्रिटिश रॉक बँड लेड झेपेलिनच्या ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ या गाण्याची सुरुवात नुसत्या ड्रम्सने होते. मूळ गाणं कॅन्सस जो मकॉय आणि मेम्फिस मिनी यांचं, १९२९ सालचं. विषय १९२७ चा मिसिसिपीचा महापूर. झेपेलिनची आवृत्ती १९७१ च्या चौथ्या अल्बमवर आली. इंग्लंडमधल्या हॅम्पशायरातल्या हेडली ग्रेंज या जुन्या इमारतीत बँडचा ड्रमर जॉन बॉनमचे ड्रम्स जिन्याच्या तळाशी मांडले होते. इंजिनिअर अँडी जॉन्सने वर जिन्यात दोन बायरडायनॅमिक एम१६० रिबन माइक टांगले. किकला (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमला) वेगळा माइक लावलाच नाही. सगळी जादू अंतराची आहे, महागड्या सामानाची नव्हे.

आधी जिना शोधा: मधे मोकळा चौक, भिंतींना गिलावा, खाली कोटा किंवा लादी. टाळी वाजवा, शेपूट एक-दीड सेकंद रेंगाळली तर जागा चांगली. लिफ्टची मोटर बंद असताना रेकॉर्ड करा, कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून बारीक आवाज वर आणणारं यंत्र) ती घरघर वर ओढतो.

किकमध्ये उशी घालू नका, पुढचं कातडं बिनभोकाचं ठेवा. दोन्ही माइक ५-६ मीटर उंचीवर, कठड्याला दोरीने पक्के बांधा. केबलवर वजन नको. स्नेअरपासून (मधल्या कडक आवाजाच्या ड्रमपासून) दोन्ही माइकचं अंतर सुतळीने मोजून सारखं करा. इथे चूक झाली तर स्नेअर एका बाजूला सरकतो आणि मोनोमध्ये (दोन्ही बाजू एकत्र केल्यावर) पातळ होतो. हौसेने किकजवळ तिसरा माइक लावलात, तर वरचा आवाज साधारण १७ मिलिसेकंद उशिरा येतो (६ मीटरला). किकचा ट्रॅक तेवढाच उशिरा सरकवा, नाहीतर ठोका दुहेरी ऐकू येईल.

कॉम्प्रेसर ४:१ ते ८:१, अटॅक (दाब सुरू व्हायला लागणारा वेळ) ३० मिलिसेकंद, ठोक्यावर ८-१० डेसिबल कपात. रिलीज (दाब सुटायला लागणारा वेळ) असा ठेवा की पुढच्या किकआधी कॉम्प्रेसरचा काटा परत येईल. आवाज श्वास घेतल्यासारखा फुगतो तो इथेच. सिंबल मात्र याच कॉम्प्रेसरने सगळं झाकून टाकतात आणि नंतर इक्यूने (स्वरपट्टे कमी-जास्त करून) ते निघत नाहीत, म्हणून वाजवणाऱ्यालाच हात हलका ठेवायला सांगा. किकवर पूर्ण जोर, सिंबलवर अर्धा.

मूळ रेकॉर्डिंगचा टेपही नंतर मंद केला होता. तुम्ही ८१ च्या लयीत (मिनिटाला ८१ ठोके) वाजवा आणि पिच व वेग एकत्र दोन सेमिटोन उतरवा, लय ७२ वर येईल. नुसता टाइम-स्ट्रेच (स्वर न बदलता वेग बदलणं) वापरला तर ड्रम जड होत नाहीत, कारण स्वर तिथेच राहतो.

शेवटी एको. मुळात बिनसन एकोरेक हे एको-यंत्र होतं. मंद केल्यानंतर लावणार असाल तर २०८ मिलिसेकंद, म्हणजे चार ठोक्यांच्या मापाचा सोळावा भाग; फीडबॅक एकच आवर्तन, पातळी मूळ ठोक्याच्या खूप खाली. एको वेगळा ऐकू आला की जास्त झाला समजा. बंद केल्यावर चाल लंगडी वाटली की बरोबर बसला.