पावसाळ्यात बियाण्याच्या कोठारासाठी शिकारी कोळी वाढवताना

मे महिन्याच्या कोरड्या उन्हात नागपूरकडच्या कोठारांतले बहुतेक धान्यकोळी (साठवलेल्या धान्यात वाढणारे धुळीसारखे बारीक माइट, जाळी विणणारे कोळी नव्हेत) वाळून मरतात. भेगांत दडलेले मात्र टिकतात. पाऊस लागून कोठारातली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर गेली की गव्हाच्या पोत्यांच्या शिवणीवर मळकट पांढरी भुकटी दिसू लागते. ती काळ्या कागदावर ढीग करून पंधरा मिनिटे ठेवा. ढीग आपोआप पसरला, तर ती धूळ नाही, कोळी आहेत.

या धान्यकोळ्यांना खाणारा चेलेटस नावाचा शिकारी कोळी आपल्याच जुन्या कोठारांत सापडतो. त्यातली मॅलॅक्सेन्सिस ही जात उष्ण भागात चांगली वाढते. दहापट भिंगातून पाहा: धान्यकोळी मोत्यासारखा पांढरा, केसाळ आणि संथ असतो. शिकारी पिवळसर असतो, तोंडापुढे दोन जाड चिमटे असतात आणि तो दबा धरून एका जागी बसतो. ओल्या केलेल्या शून्य नंबरच्या ब्रशने तो अलगद उचलता येतो.

आधी भक्ष्य वाढवा, शिकाऱ्याची घाई करू नका. २०० ग्रॅम गव्हाचा कोंडा बंद पिशवीत आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवला की त्यात आधीपासून असलेली अंडी मरतात. पिशवी न उघडता कोंडा खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर त्याला पाणी सुटते. मग त्यात २० ग्रॅम कोरडे यीस्ट आणि चमचाभर धान्यकोळी मिसळा. बरणीच्या तोंडावर घट्ट विणीचे सुती कापड दुहेरी बांधून ती झाकणाच्या मोठ्या डब्यात ठेवा. डब्याच्या तळाशी मिठाचे संपृक्त पाणी हवे: १ लिटर पाण्यात ५०० ग्रॅम मीठ. साधारण ३६० ग्रॅम विरघळते, उरलेले तळाशी दिसलेच पाहिजे. या पाण्यावरची हवा ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिर राहते. कोळी वाढवणाऱ्याला यापेक्षा स्वस्त आणि भरवशाचे साधन नाही. बरणी मात्र विटेवर ठेवा, पाण्याला टेकता कामा नये.

२७ ते ३० अंश तापमानात सुमारे तीन आठवड्यांत कोंडा सरपटताना दिसेल. तेव्हा दुसऱ्या बरणीत थोडा कोंडा काढून दर १०० धान्यकोळ्यांमागे १ शिकारी सोडा. भक्ष्य संपत आले की लगेच वापरा किंवा नवे भक्ष्य घाला. उपाशी शिकारी एकमेकांना खातात आणि चार दिवसांच्या दुर्लक्षाने भरलेली बरणी रिकामी होते.

सर्वात जास्त नुकसान होते ते शिकारी भक्ष्याच्या बरणीत शिरल्याने. म्हणून दोन्ही बरण्या वेगळ्या खोल्यांत ठेवा, ब्रश वेगळे ठेवा, रोज आधी भक्ष्याचे काम उरका आणि मगच शिकाऱ्यांकडे वळा. डबे साबणाच्या पाण्याच्या परातीत उभे ठेवले तर ये-जा थांबते. कोंड्याला कुबट वास येऊन गाठी झाल्या तर आर्द्रता वाढून बुरशी आली आहे. ती बरणी टाकून द्या, वाचवत बसू नका. उन्हाळ्यात कूलरच्या झोतासमोर डबे ठेवले की हेच होते. काम करताना मास्क लावा, कोळ्यांच्या धुळीने अनेकांना दम आणि खाज येते.

शिकारी कोठारात सोडण्यापूर्वी बियाणे वाळवून ओलावा १० टक्क्यांच्या आसपास आणा, भिंतींच्या भेगा आणि कोपरे झाडून घ्या. मग कोंड्यासह शिकारी पोत्यांच्या थरांमध्ये आणि भिंतीलगत पसरा. त्यानंतर कीटकनाशकाची फवारणी नको. गोळ्यांची धुरी द्यायचीच असेल तर ती प्रशिक्षित माणसाकडून आधी करून, कोठार पूर्ण हवेशीर झाल्यावरच शिकारी सोडा.

पोत्यात सोंडे किंवा तुरीत भुंगेरे असतील तर हा उपाय पुरणार नाही. चेलेटस मुख्यतः कोळी खातो. दाण्याच्या आत वाढणाऱ्या अळीपर्यंत तो पोहोचत नाही. खाण्याच्या धान्यात तो सोडू नका. बियाण्याचे कोठार आणि रिकामी कोठी हीच त्याची जागा. पंधरा दिवसांनी तीच काळ्या कागदाची चाचणी करा. ढीग तरीही पसरत असेल तर बियाणे पुन्हा वाळवा आणि शिकारी दुसऱ्यांदा सोडा.