सड्यावरचं गवत कसं तपासायचं

चवथ (गणेश चतुर्थी) झाली की मी गोव्यातल्या पेडण्यातल्या आमच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर जाते. सोबत चार खुंट्या, सुतळी, वही. 1 मीटर बाजूचा चौकोन ताणायचा आणि आतली प्रत्येक वेगळी जात मोजायची. नाव येत नसेल तर पानाचं चित्र काढा. उपटू नका, कृपा करा.

तीन जागा निवडा: गुरं क्वचित जातात ती, रोज चरतात ती, गाड्या लागतात ती. प्रत्येकी निदान पाच चौकोन, नाहीतर एका शेणाच्या पोवाने हिशेब चुकतो.

सीतेची आसवं आधी शोधा. ही इवली जांभळी फुलं येतात त्या झाडाला बारीक फुगे असतात. त्यांत सूक्ष्म जीव अडकवून ते निकस, ओल्या मातीत तग धरतं. शेणखत वाढलं की उंच गवत माजतं आणि त्याच्या सावलीत ते संपतं. जर्मनीतले अभ्यासक चराई, कापणी आणि खत एकत्र धरून जमिनीच्या वापराची तीव्रता काढतात. तुम्हीही तिन्ही नोंदवा.

उघडीप मिळाली की दोन्ही तोंडं उघडी असलेला डबा मातीत दाबून पाणी ओता, ते मुरायला लागलेला वेळ लिहा. चाकांनी दाबलेल्या जागी ते तुंबूनच राहतं. मला तिथून उठवत नाही. तेच पाणी खाली आमच्या झरीला उतरायचं असतं.