युवा केंद्रात सर्वांनी मिळून भित्तिचित्र कसे रंगवावे

युवा केंद्राची भिंत कसलेल्या चित्रकाराकडून रंगवून घेणे आणि तीच भिंत केंद्रात येणाऱ्या मुलामुलींनी मिळून रंगवणे, ही दोन निरनिराळी कामे आहेत. दुसऱ्या कामातही चित्रकाराचे कौशल्य लागतेच. परंतु ज्याने आजवर ब्रश हातात धरलेला नाही, त्याच्या हातचे कामही चित्रात शोभून दिसेल अशी आखणी करण्यात ते खर्ची पडावे लागते.

प्रथम जागेच्या मालकाची लेखी परवानगी घ्यावी आणि चित्र किती वर्षे ठेवायचे, डागडुजी कोणी करायची, पुढे भिंत पाडावी लागली तर कोणाला कळवायचे, हे त्याच कागदावर नोंदवावे. मुलांची छायाचित्रे काढायची असतील तर पालकांची संमतीही याच वेळी घ्यावी.

त्यानंतर भिंतीची तपासणी करावी. भित्तिचित्रे रंगांपेक्षा भिंतीमुळे अधिक बिघडतात, म्हणून या टप्प्यावर घाई करू नये. पारदर्शक प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट बसवून एक दिवस तसाच ठेवावा. आतल्या बाजूस पाण्याचे थेंब दिसले तर भिंतीत ओल आहे असे समजावे आणि तिचे कारण दूर होईपर्यंत रंगकाम सुरू करू नये. भिंतीवर पांढरा लोणा, म्हणजे क्षारांची पूड, फुटला असेल तर तो कोरड्या ब्रशने झाडून काढावा, मात्र ओल थांबल्याशिवाय तो पुन्हा येणारच. नव्या सिमेंटच्या प्लास्टरला किमान चार आठवडे वाळू द्यावे, कारण ताज्या प्लास्टरमधील क्षार रंगाला खातात. जुन्या इमारतीतील तैलरंगात शिसे असण्याची शक्यता असते. असा रंग मुलांकडून कधीही खरवडून घेऊ नये, ते काम जाणकारांवर सोपवावे. भिंत धुऊन, भेगा पुट्टीने भरून आणि पॉलिश पेपरने घासून झाली, की प्रायमरचा एक हात आणि त्यावर पांढऱ्या ॲक्रिलिक इमल्शनचे दोन हात द्यावेत. सहा मीटर लांब आणि अडीच मीटर उंच भिंतीचे क्षेत्रफळ १५ चौरस मीटर होते. एका लिटरमध्ये साधारण १० चौरस मीटरवर एक हात बसतो असे धरले, तर दोन हातांना तीन लिटर इमल्शन लागेल. खडबडीत भिंत अधिक रंग पिते, म्हणून थोडा जास्तच आणावा.

भिंत वाळत असताना विषयाची जुळवाजुळव करावी. ‘भिंतीवर काय काढू या?’ असा थेट प्रश्न विचारला, तर इंद्रधनुष्य, पृथ्वीचा गोल आणि हातात हात घेतलेली माणसे हीच ठरावीक उत्तरे येतात. त्याऐवजी केंद्रातला पहिला दिवस कसा होता, इथे कोणत्या कोपऱ्यात बसायला आवडते, घरातल्या वडीलधाऱ्यांनी या परिसराबद्दल काय सांगितले आहे, असे प्रश्न विचारावेत आणि उत्तरे शब्दांत किंवा वेड्यावाकड्या रेघोट्यांत कागदावर उतरवून घ्यावीत. लॉस एंजेलिसमध्ये भित्तिचित्रकार ज्युडी बाका यांच्या पुढाकाराने १९७६ पासून अनेक उन्हाळ्यांत ४०० हून अधिक तरुणांनी ‘ग्रेट वॉल’ नावाचे सुमारे अर्धा मैल लांबीचे भित्तिचित्र रंगवले. त्याचा विषय पाठ्यपुस्तकांनी वगळलेल्या समाजांचा इतिहास हा होता. इतका मोठा आवाका सगळ्यांना झेपणार नाही, परंतु ठिकाणाची आठवण हा विषय लहान भिंतीवरही उत्तम बसतो.

जमलेले सगळे कागद जमिनीवर पसरावेत आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रतिमा एकत्र ठेवाव्यात. तयार चित्रांमधून मतदानाने एक निवडण्याची पद्धत मला अजिबात पटत नाही, कारण तिच्यामुळे एकाचे चित्र जिंकते आणि उरलेले सगळे दुसऱ्याची भिंत रंगवायला उरतात. चार ते सहा जणांच्या गटाने, सोबत एक अनुभवी चित्रकार घेऊन, या प्रतिमांची एकच मांडणी करावी आणि ती सर्वांसमोर किमान दोनदा ठेवून सूचनांप्रमाणे बदलावी. मांडणीत स्पष्ट कडा असलेले मोठे सपाट आकार अधिक असावेत आणि बारीक काम मोजक्याच ठिकाणी असावे. पाण्याच्या लाटा, कपड्यांवरची नक्षी किंवा जमिनीचा पट्टा असे काही भाग मुद्दाम मोकळे ठेवून प्रत्येकाला त्यात स्वतःच्या मनाप्रमाणे भरण्यासाठी वीतभर जागा द्यावी. हे भाग जमिनीपासून सव्वा मीटरच्या आत ठेवले, म्हणजे लहान मुलांचा आणि चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्यांचा हात तिथे सहज पोहोचतो. ज्यांना भिंतीजवळ येणे शक्यच नाही, त्यांनी न विणलेल्या पातळ कापडावर टेबलाशी बसून ॲक्रिलिक रंगांनी काम करावे. ते कापड नंतर ॲक्रिलिक जेलने भिंतीवर चिकटवता येते.

मांडणी भिंतीवर उतरवण्यासाठी चौकटींची जुनी पद्धत सर्वांत भरवशाची आहे. वर दिलेल्या मापाच्या भिंतीसाठी ६० सेंटीमीटर लांब आणि २५ सेंटीमीटर रुंद कागदावर चित्र काढून त्यावर पाच सेंटीमीटरच्या चौकटी आखाव्यात. भिंतीवर त्याच चौकटी अर्ध्या मीटरच्या होतील आणि एकूण ६० भरतील. मापे फरशीपासून घेऊ नयेत, कारण फरशी बहुधा समपातळीत नसते; ओळंब्याने उभी रेघ आणि लेव्हलने आडवी रेघ नक्की करून निळ्या खडूच्या पुडीत घोळवलेली दोरी ताणून सूत मारावे. प्रत्येकाने एकेक चौकट घेऊन त्यातल्या रेषा भिंतीवर काढल्या, की चित्र अचानक मोठे होऊन समोर उभे राहते, आणि ‘मला चित्र काढता येत नाही’ म्हणणारी मुलेही याच वेळी पुढे येतात.

रंगछटा आठ ते दहाच ठेवाव्यात. प्रत्येक छटा पुरेशा प्रमाणात एकदाच कालवून झाकणाच्या डब्यांत भरावी, डब्यावर क्रमांक लिहावा आणि तोच क्रमांक भिंतीवरील आकारात खडूने टाकावा. इमल्शन वाळल्यावर किंचित गडद दिसते, म्हणून नमुन्याचा फटकारा आधी वाळवून पाहावा. उन्हातल्या भिंतीसाठी चमचमते निऑन रंग टाळावेत, कारण ते लवकर उडतात. गेरू आणि पिवळी माती यांसारखे लोहयुक्त मातीचे रंग दीर्घकाळ टिकतात.

रंगवण्याच्या दिवशी भिंतीच्या प्रत्येक मीटरमागे एकच जण उभा राहील, म्हणजे सहा मीटरच्या भिंतीवर एका वेळी सहा जण, असे नियोजन करावे आणि तास-दीड तासाने पाळी बदलावी. उरलेल्यांनी रंग ढवळावेत, ब्रश धुवावेत, नक्षीचा सराव करावा. मागच्या पार्श्वभूमीपासून सुरुवात करून पुढच्या आकारांकडे यावे आणि बाह्यरेषा शेवटी ओढाव्यात. परांचीवर फक्त प्रशिक्षित प्रौढांनीच चढावे. तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर पाण्यात कालवलेले रंग नीट धरत नाहीत, आणि कडक उन्हात ते ब्रशखालीच वाळतात, म्हणून भिंत सावलीत असेल त्या वेळी काम करावे. ब्रश धुतलेले पाणी पावसाच्या गटारात ओतू नये.

दिवस संपल्यावर मुलांच्या रेषा गुपचूप सरळ करण्याचा मोह आयोजकांनी कटाक्षाने टाळावा. दुसऱ्या दिवशी आपली रेष बदललेली पाहणारे मूल काही बोलत नाही, पण पुन्हा भिंतीकडे फिरकत नाही. खरोखर दुरुस्ती हवी असेल, तर ज्याची रेष आहे त्याला सोबत घेऊनच ती करावी.

काम झाल्यावर ज्यांची हरकत नाही त्या सर्वांची नावे चित्राच्या कोपऱ्यात लिहावीत. बाहेरच्या भिंतीवर चकाकणारे जाड वॉर्निश लावू नये, कारण आतली वाफ अडकून फुगे येतात. श्वास घेऊ देणारा मॅट थर पुरेसा असतो. प्रत्येक छटेचा थोडा रंग क्रमांकासह घट्ट बंद बाटलीत ठेवावा, मिश्रणाचे प्रमाण वहीत लिहावे आणि वर्षातून एकदा भिंत तपासून पोपडे आलेल्या जागा त्याच बाटल्यांतील रंगाने भरण्याचे काम त्या वर्षी केंद्रात असलेल्या मुलांकडे सोपवावे.